आधी सांग, पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार?

(पत्र मोठं होतं, ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतेय. लिहिणारी ३४ वर्षांची, मूळ पश्चिम महाराष्ट्रातली, गेली दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावीच्या दक्षिणेकडच्या एका जिल्ह्यात एचआयव्हीच्या प्रोजेक्टवर डेटाचं काम करते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत अडकली तेव्हा तिच्या टीममधले बरेच जण घरी बसले, ती राहिली. ज्या सरकारी हॉस्पिटलच्या आवारात तिचं ऑफिस आहे तिथे एचआयव्हीच्या गोळ्या अजून तरी वेळेवर मिळतात, पण शेजारच्या ओपीडीतून बीपी-शुगरचे पेशंट कितीदा तरी 'औषध संपलंय' ऐकून परत जातात. ऑफिसात झाडलोट करणाऱ्या बाईंच्या १३ वर्षांच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे, दोनदा बेशुद्ध होऊन अ‍ॅडमिट झालीय. पुण्यातले नातेवाईक आणि कॉलेजचा ग्रुप मिळून साडेचार लाख रुपये जमलेत. ग्रुपला मोठं तपासणी शिबिर घ्यायचंय. तिला वाटतं मुलीचं इन्सुलिन बघावं, पण मग 'एकीवरच का' असंही वाटतं. भाऊ म्हणतो तिथलं सरकार भ्रष्ट, पैसे बुडणार. आणि तिची झोप उडालीय ती या प्रश्नाने की जिथे मलेरियाने लहान मुलं जातात तिथे 'श्रीमंतांच्या आजारांवर' पैसे घालणं बरोबर आहे का.)

तुला 'तू'च म्हणते गं, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मी मलावीत चार वर्षं काढलीत, दक्षिणेतल्याच एका मिशन हॉस्पिटलात, त्यामुळे तुझं पत्र वाचताना सगळं डोळ्यांपुढे आलं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेलं हेल्थ पासपोर्टचं पुस्तक (बाकीच्यांसाठी सांगते, तिथे केसपेपर पेशंट स्वतःच्या घरी ठेवतो, छोट्या पुस्तकात), सकाळी सहापासून व्हरांड्यात बसलेल्या बायका, आणि दुपारी फार्मसीच्या खिडकीतून येणारं ते एकच उत्तर. तू झोप उडाल्याचं लिहिलंयस. माझीही उडायची.

आधी तो 'श्रीमंतांचे आजार' हा शब्द बाजूला ठेवू या, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांचा गुंता मला वाटतं तिथूनच सुरू होतो. आपण पुण्या-मुंबईत वाढलेली माणसं, आपल्या डोक्यात बीपी-शुगर म्हणजे बैठं काम, गोडधोड, सुटलेलं पोट. मलावीत २००९ साली जो देशव्यापी सर्व्हे झाला त्यात २५ ते ६४ वयाच्या माणसांपैकी जवळजवळ तिघांत एकाचं बीपी जास्त निघालं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला बीपी आहे याचा पत्ताच नव्हता. ही शेतावर राबणारी, डोक्यावरून पाणी आणि लाकडं वाहणारी माणसं. आणि नुसतं बीपीच नाही. लहानपणी घसा सुजून ताप आला, पेनिसिलिन मिळालं नाही, म्हणून वीस वर्षांच्या पोरीच्या हृदयाच्या झडपा खराब होतात, तो एनसीडीच (एनसीडी म्हणजे एकाकडून दुसऱ्याला न लागणारे आजार). सिकल सेल एनसीडी, फिट्स येणं एनसीडी, तुझ्या त्या मुलीचा टाइप वन तर खाण्यापिण्याच्या चुकीने होतच नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने बायका जाण्याचं प्रमाण जगात जिथे सगळ्यात जास्त आहे अशा देशांत मलावी आहे, आणि त्याचा थेट संबंध तू ज्या आजारावर काम करतेस त्याच्याशी आहे, एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर व्हायचा धोका कितीतरी पट जास्त. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या एका आयोगाने जगातल्या सगळ्यात गरीब शंभर कोटी लोकांचा हिशोब मांडला, तर त्यांच्या एकूण आजारपणात एक तृतीयांशाहून जास्त वाटा एनसीडी आणि अपघात-इजांचा निघाला. श्रीमंताला हे आजार होतात आणि तो गोळ्या खाऊन ऐंशी वर्षं जगतो, गरिबाला होतात आणि तो पंचेचाळीसाव्या वर्षी जातो, आणि मेला कशाने ते कुठल्या कागदावर येतही नाही.

मलेरियाचं म्हणशील तर तो अपराधीपणा तू घेऊ नकोस. मलेरियासाठी पैशाची वाट निदान बनलेली तरी आहे, मच्छरदाण्या, टेस्ट, औषधं यासाठी ग्लोबल फंड आहे (एड्स, टीबी, मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी), मलेरियाची लस रोजच्या लसीकरणात द्यायला सुरुवात झाली तीच मुळी मलावीत, एप्रिल २०१९ मध्ये. तो पैसा पुरतो असं मी म्हणत नाहीये, पण तुमचे साडेचार लाख त्यातून काढलेले नाहीत. जगभरात आरोग्यासाठी गरीब देशांना जी मदत जाते त्यातला एनसीडीचा वाटा वर्षानुवर्षं दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली राहिलाय. मलावीत तर एकूण आरोग्यखर्चाचा निम्म्याहून मोठा भाग परदेशी मदतीतून येत आलाय, म्हणजे देणाऱ्याने ज्याचं नाव घेतलं त्याचं कपाट भरलेलं आणि ज्याचं घेतलं नाही त्याचं रिकामं. तू रोज बघतेस त्या दोन खिडक्यांमधला फरक हाच आहे.

आता शिबिर. ग्रुपमधल्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही, फोटो येतील, चारशे लोकांचं बीपी मोजलं असं सांगता येईल, पैसे देणाऱ्यांना बरं वाटेल. पण मी हे केलेलं आहे म्हणून सांगते. एका रविवारी चर्चच्या अंगणात आम्ही टेबलं लावली आणि दिवसभर बीपी मोजलं, ज्यांचं जास्त निघालं त्यांच्या पासपोर्टमध्ये लाल पेनने आकडा लिहून दिला आणि हॉस्पिटलला या म्हणून सांगितलं. लोक आले, अंतर चालून आले, आणि आमच्याकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या गोळ्याच नव्हत्या. त्यात एक बाई होत्या, पन्नाशीच्या असतील, बीपी २२० च्या वर. पहिल्या महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या महिन्यात त्या अगदी वेळेवर आल्या तर स्टॉक संपलेला, पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, तेव्हाही नाही. मग त्या यायच्या थांबल्या. पावसाळ्यात मुलांनी त्यांना सायकलच्या मागच्या सीटवर धरून आणलं, उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं. त्यांचा पासपोर्ट उघडला तर माझ्याच अक्षरातला तो लाल आकडा. याला आता बरीच वर्षं झाली तरी मी ते विसरू शकलेले नाही आणि विसरूही नये असं मला वाटतं.

म्हणून शिबिराबद्दल माझं मत सरळ आहे, ज्याला औषध देता येणार नाही त्याला आजाराचं नाव सांगून घरी पाठवू नका. तपासायचंच असेल तर हॉस्पिटलात आधीच आलेल्या माणसाला तपासा, ओपीडीत रांगेत असलेल्या प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजलं गेलं तरी शिबिरापेक्षा जास्त पेशंट सापडतील, आणि तेवढेच सापडतील जेवढे तिथली नर्स सांभाळू शकेल. 'पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार' याचं उत्तर नसेल तर कुठलीही योजना कागदावर कितीही चांगली दिसली तरी पैसे खर्चू नका. मशीनच्या बाबतीतही हेच. दान आलेली ग्लुकोमीटरं धूळ खात पडलेली मी पाहिलीत कारण प्रत्येक कंपनीच्या मीटरला तिचीच स्ट्रिप लागते आणि ती स्ट्रिप तिथे कुणी आणतच नव्हतं.

भावाच्या म्हणण्याला उत्तर द्यायला हवं, तो अगदीच हवेत बोलत नाहीये. २०१३ मध्ये 'कॅशगेट' म्हणून मोठा घोटाळा उघड झाला, सरकारी खात्यांमधून पैसे काढून नेले गेले, देणाऱ्या देशांनी बजेटला थेट पैसे द्यायचं थांबवलं. पण मग पैसे गेले कुठे बघ, सरकार टाळून वेगवेगळ्या प्रोजेक्टांकडे, प्रत्येकाची आपली गाडी, आपलं रजिस्टर, आपला पगार. त्याने चोरी कदाचित कमी झाली असेल पण २०२५ मध्ये एका सहीने मदत अडकली तेव्हा ती खिडकीच बंद पडायची वेळ आली, हे तू स्वतः अनुभवलंस. आणि सरकारची बाजूही ऐकून घे. माणशी वर्षाला सगळं मिळून साधारण ४० डॉलर आरोग्यावर खर्च होतात त्या देशात, त्यातही निम्म्याहून जास्त बाहेरचे. २००१ मध्ये नायजेरियात अबुजाला आफ्रिकी देशांनी ठरवलं होतं की बजेटचे १५ टक्के आरोग्याला देऊ, मलावी बहुतेक वर्षं त्याच्या खालीच. २०२२-२३ ला कॉलरा, मार्च २०२३ ला फ्रेडी चक्रीवादळ, नोव्हेंबर २०२३ ला क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन. औषधं डॉलरमध्ये यायची, म्हणजे बजेटचा आकडा तोच राहिला तरी कपाटात डबे कमी. या सगळ्यात तुझ्या हॉस्पिटलातल्या नर्सने कुणाचे पैसे खाल्लेले नाहीत गं. ती एकटी दिवसाला शंभर-दीडशे पेशंट बघते. भावाला एवढं सांग की पैसे सरकारच्या खात्यात टाकायचे नाहीयेत, पण सरकारच्या रांगेबाहेर दुसरी रांगही लावायची नाहीये.

आता तुझ्याबद्दल. तू तुझ्याकडे साडेचार लाख आहेत असं लिहितेस, मला तुझ्याकडे त्याहून मोठी गोष्ट दिसते, तू डेटाचं काम करतेस. एचआयव्हीचं काम मलावीत कसं उभं राहिलं ते तुला माहीत आहे पण वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, तेव्हा तोच बाजारात दहा हजार डॉलरच्या वर होता. मग २००२ ला ग्लोबल फंड, २००३ ला पेपफार, म्हणजे एचआयव्हीसाठीचा अमेरिकेचा मदत कार्यक्रम. पण नुसत्या स्वस्त गोळ्यांनी झालं नाही. मलावीकडे टीबीच्या कामातून आलेली एक सवय होती, प्रत्येक तिमाहीत कोण नोंदवला गेला, त्यातला कोण अजून औषधावर आहे, कोण सुटला, कोण गेला, हे मोजायची. तीच वही एचआयव्हीला वापरली. आणि २०११ मध्ये, गावोगाव सीडी४ ची (प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजायची) मशीन नाहीत म्हणून अडून न बसता, त्यांनी ठरवलं की एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आकडा न बघता आयुष्यभराचं औषध सुरू करायचं. नंतर जगाने ते उचललं. जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एकाने हे करून दाखवलं, आणि मला मनापासून वाटतं की तेच बीपी-शुगरला होऊ शकतं, बीपीची साधी गोळी तर जेनेरिकमध्ये फारच स्वस्त आहे, अडतं ते मागवण्यात, पोचवण्यात आणि मोजण्यात.

आणि हे तिथे झालेलंही आहे. नेनो जिल्हा तुझ्यापासून फार लांब नसावा. तिथे २०१५ पासून एचआयव्ही आणि बाकीचे जुनाट आजार एकाच क्लिनिकमध्ये बघतात, एकच दिवस, एकच रांग, एकच नर्स, बीपीवाला आणि एचआयव्हीवाला शेजारी बसतात. नंतर तिथेच टाइप वन, हृदयाच्या झडपांचे आजार, सिकल सेल यांच्यासाठी जिल्हा पातळीवर वेगळं क्लिनिक सुरू झालं, त्या पद्धतीला 'पेन प्लस' म्हणतात, मूळ रवांडातली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या आरोग्यमंत्र्यांनी टोगोत लोमेच्या बैठकीत ती स्वीकारली. एक सुट्टी काढून नेनोला जाऊन ये. काय चाललंय आणि काय अडतंय दोन्ही बघ.

मग परत आल्यावर दोन आकडे काढ. पहिला, गेल्या सहा महिन्यांत बीपीच्या दोन मुख्य गोळ्या, शुगरची मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन हे किती दिवस शून्यावर होते, फार्मसीच्या स्टॉक कार्डवर असतं सगळं, परवानगी घेऊन उतरवून घे. दुसरा, तुमच्या एचआयव्हीच्या पेशंटपैकी चाळिशीच्या पुढचे किती आणि त्यातल्या कितीजणांचं बीपी कधी मोजलं गेलंय. हा दुसरा आकडा तुझ्या प्रोजेक्टच्या वरच्या लोकांना हलवू शकतो कारण ज्या पेशंटला त्यांनी वीस वर्षं एचआयव्हीच्या औषधावर जगवलं तो आता लकव्याने जाऊ नये यात त्यांनाही रस आहे, आणि मोजायला लागतं एक बीपी मशीन, सेल आणि रजिस्टरमध्ये एक जास्तीचा रकाना. पहिला आकडा घेऊन जिल्हा आरोग्य कार्यालयात जा, एनसीडी कोण बघतं ते विचार, पुढच्या वर्षाच्या जिल्हा आराखड्यात हे कसं घालता येईल ते विचार. तिथलं आर्थिक वर्ष आता आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च आहे, आराखडे त्याच्या कितीतरी आधी बनतात, म्हणून मार्चपर्यंत थांबू नकोस. आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत बीपीचं सरकारी काम असंच सुरू झालं, एक ठरलेला प्रोटोकॉल, एकदम महिनाभराच्या गोळ्या, आणि गावाजवळच्या उपकेंद्रापर्यंत औषध. सगळं सुरळीत आहे असं नाही, पण माझ्या शेजारच्या आजींना बीपीच्या गोळीसाठी तालुक्याला जावं लागत नाही. तिथे एचएसए नावाचे गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी आहेत, आपल्या आशाताईंसारखे, त्यांनाही यात धरता येईल का बघ.

आता मुलगी. 'एकीवरच का' हा प्रश्न मला कळतो पण तिच्या बाबतीत तो लागू होत नाही असं मी म्हणेन. बीपीवाल्याला गोळी आठवडाभर उशिरा मिळाली तर तो तग धरेल, तिला इन्सुलिन दोन-तीन दिवस नाही मिळालं तर ती जाऊ शकते. तू तिला ओळखतेस, तिची आई रोज तुझ्यासमोर असते, तिला बघून न बघितल्यासारखं करणं तुला जमणार नाही आणि जमूही नये. साडेचार लाखातले पैसे आधी तिच्या नावाने पुढच्या पाच वर्षांचे म्हणून बाजूला काढ, महिन्यांनी भाग, आणि तू मलावी सोडलंस तरी ते चालू राहील असा तिथला एक माणूस ठरव. उरेल ते त्याच जिल्ह्यातल्या बाकीच्या टाइप वन मुलांच्या स्ट्रिप आणि प्रवासखर्चाला जाऊ दे, सगळी मिळून फार मुलं असतील असं मला वाटत नाही, कारण कितीतरी जणांचं निदान व्हायच्या आतच सगळं संपतं, मलेरिया समजून.

पण एक फार महत्त्वाचं, पुण्याहून इन्सुलिन बॅगेत घालून आणू नकोस. आपल्याकडे मिळणाऱ्या कितीतरी बाटल्या ४० युनिटच्या असतात आणि तिथे चालतात त्या १०० युनिटच्या, सिरिंजही वेगळ्या. आपल्याकडची सिरिंज आणि तिथली बाटली अशी गल्लत झाली तर पोरीला एका टोचणीत अडीचपट डोस जाईल. तिच्या हॉस्पिटलात जे इन्सुलिन असतं तेच, त्याच प्रकारचं घ्यायचं, ब्लँटायरच्या मोठ्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलात किंवा जवळच्या पेन प्लस क्लिनिकमध्ये तिचं नाव नोंदवायचं, म्हणजे डोस ठरवायला तिथला माणूस असेल. फ्रीज नसेल तर मातीच्या दोन मडक्यांचा उपाय आहे, मोठ्यात ओली वाळू, आत छोटं मडकं, सावलीत, आपल्या माठासारखंच तत्त्व. आणि ज्यांना कुणाला इथून औषधं पाठवायची इच्छा होते त्या सगळ्यांना सांगते, औषध तिथे पोचेल तेव्हा एक्स्पायरीला निदान वर्षभर शिल्लक हवं आणि तिथल्या औषध नियंत्रकांची परवानगी हवी. पैसेही वैयक्तिक पाठवताय की इथल्या ट्रस्टमधून यावर नियम बदलतात, ट्रस्टला देशाबाहेर खर्च करायचा तर वेगळी मंजुरी लागते, आधी सीएला विचारा.

शेवटचं, आणि हे मला तिथे एका क्लिनिकल ऑफिसरने (डॉक्टर नसलेला पण पेशंट तपासून औषध देणारा) शिकवलं. जानेवारी ते मार्च घरातला मका संपत आलेला असतो, नवा यायचा असतो, बरीच घरं दिवसातून एकदाच न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) खातात. त्या दिवसांत इन्सुलिन तेवढंच घेतलं तर साखर एकदम खाली जाते, आणि आई घाबरून इन्सुलिनच बंद करते, मग साखर चढते. तू लिहिलंयस ती मुलगी दोनदा बेशुद्ध झाली, कुठल्या महिन्यांत ते तिच्या पासपोर्टमध्ये बघ. साखर वाढून की कमी होऊन तेही लिहिलेलं असेल. जर ते याच दिवसांतलं निघालं तर तुझ्या साडेचार लाखातली पहिली खरेदी इन्सुलिनची नसेल, मक्याच्या पोत्याची असेल. उद्याच तिच्या आईंना विचार घरचा मका किती महिने पुरतो, आणि मला कळव.